डॅलसमध्ये जळालेला झेंडा आणि आपला १९७१चा कायदा

फडताळ

ट्रम्पतात्यांनी २५ ऑगस्ट २०२५ ला झेंडा जाळणाऱ्यांविरुद्ध आदेश काढला तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, बरं झालं, तिकडेही शेवटी कायदा आला. दुसरा म्हणे, संपली अमेरिकेची लोकशाही. आदेश दोघांनीही वाचलेला नव्हता. तात्या तोंडाने 'झेंडा जाळाल तर वर्षभर आत' म्हणाले खरे, पण कागदावर असा गुन्हा कुठेच नाही. कागदावर एवढंच आहे की झेंडा जाळताना दुसरा एखादा कायदा मोडला असेल (आग लावायला बंदी, मालमत्तेची नासधूस वगैरे) तर त्या कलमाखाली खटला जोरात चालवा. नुसतं झेंडा जाळणं हा गुन्हा ठरवायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही आणि त्यांच्या काँग्रेसलाही (म्हणजे संसदेलाही) नाही. का नाही, ते प्रकरण मजेदार आहे, म्हणून हा धागा.

साल १९८४. रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन डॅलसला, रेगन दुसऱ्यांदा उभे. बाहेर शंभरेक निदर्शकांचा मोर्चा. त्यातल्या एकाने वाटेतल्या इमारतीबाहेरच्या खांबावरचा झेंडा काढला आणि ग्रेगरी ली जॉन्सन या कम्युनिस्ट कार्यकर्त्याच्या हातात दिला. सिटी हॉलसमोर जॉन्सनने त्यावर रॉकेल ओतून तो पेटवला. भोवतीच्यांनी अमेरिकेवर थुंकण्याच्या घोषणा दिल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अख्ख्या मोर्चातून खटला फक्त जॉन्सनवर झाला. शिक्षा एक वर्ष कैद आणि २००० डॉलर दंड.

आता टेक्सासचा तो कायदा बघा. झेंड्याची 'विटंबना' म्हणजे काय? तर तो अशा रीतीने हाताळणं, की बघणाऱ्यांपैकी कुणाला तरी त्याचा गंभीर धक्का बसेल हे करणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे गुन्हा झाला की नाही हे झेंड्याचं काय झालं यावर ठरत नाही, बघ्याच्या मनात काय झालं यावर ठरतं. त्यात अमेरिकेची ध्वजसंहिताच सांगते की जीर्ण झालेला झेंडा सन्मानाने नष्ट करावा, शक्यतो जाळून! माजी सैनिकांनी ओळीत उभं राहून, सलाम करून झेंडा अग्नीला दिला तर तो आदर. जॉन्सनने दिला तर वर्षभर कैद. कापड तेच, आग तीच, वेगळं आहे ते जाळणाऱ्याच्या मनातलं. मग शिक्षा कशाची झाली?

सर्वोच्च न्यायालयाने २१ जून १९८९ ला जॉन्सनला सोडलं, ५ विरुद्ध ४. निकाल न्या. ब्रेनन यांचा. मौज म्हणजे बाजू नेहमीसारख्या पडल्याच नाहीत. कडवे परंपरावादी स्कालिया जॉन्सनच्या बाजूने, आणि एरवी उदारमतवाद्यांकडे झुकणारे, दुसऱ्या महायुद्धात नौदलात असलेले स्टीव्हन्स विरुद्ध. स्कालिया पुढे कित्येक भाषणांत सांगायचे की माझ्या हातात असतं तर या दाढीवाल्यांना आत टाकलं असतं, पण मी राजा नाही. मला हे वाक्य ब्रेनन यांच्या अख्ख्या निकालापेक्षा जास्त पटतं.

काँग्रेसने त्याच वर्षी नवा कायदा केला, १९९० मध्ये न्यायालयाने तोही तसाच ५-४ ने उडवला. मग घटनादुरुस्तीचे प्रयत्न. २००६ मध्ये सिनेटमध्ये ६६ विरुद्ध ३४ मतं पडली. हवी होती ६७. एका मताने हुकलं.

आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने याच कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. झेंडा जाळणारा माणूस मलाही आवडणार नाही. पण त्याला तुरुंगात टाकायचं कारण शोधायला गेलो की 'मला राग आला' यापलीकडे माझ्या हाती काही लागत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

कडूकारले

जागा धरून ठेवतो. पण झेंडा चोरीचा होता ना? मग चोरीचा खटला का नाही भरला?

---

फडताळ

@कडूकारले, भरता आला असता की. न्यायालयाने तळटीपेत सांगितलंय, या निकालामुळे झेंडा चोरायचा परवाना मिळत नाही. सरकारलाच चोरीत रस नव्हता.

---

निवृत्त_सुभेदार

धागा वाचला. भाषा छान आहे. मुद्दा पटला नाही.

तुम्ही म्हणता कापड तेच, आग तीच. साहेब, जवानाची पेटी तिरंग्यात गुंडाळून गावात येते ना, तेव्हा चितेवर तिरंगा जात नाही. अग्नी देण्याआधी तो काढतात, घडी घालतात आणि घरच्यांच्या हातात देतात. तो चितेत जाळू नये असं आपल्या ध्वजसंहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. माणूस जळतो, तिरंगा जळत नाही. हे मी सातारा जिल्ह्यात एकदा नाही, अनेकदा बघितलंय. ती घडी ज्या आईच्या कपाटात आहे तिला 'कापड तेच' म्हणून सांगा बघू.

आणि त्या निकालात विरुद्ध मत देणारे सरन्यायाधीश रेन्क्विस्ट काय म्हणाले तेही लिहायचं होतं. ते म्हणाले, जॉन्सनला भाषण करायला, पत्रकं वाटायला, रेगनला शिव्या घालायला कुणी अडवलं नव्हतं. झेंडा जाळणं म्हणजे विचार मांडणं नव्हे, नुसतं गुरगुरणं आहे. हजार दारं उघडी असताना एक बंद केलं तर कुठलं स्वातंत्र्य गेलं? दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटाच्या डोंगरावर त्यांनी झेंडा लावला, त्या बेटाच्या लढाईत त्यांची जवळपास सहा हजार माणसं पडली. तेही निकालात आहे.

---

फडताळ

काका, रेन्क्विस्ट यांचा तो मुद्दा मलाही सगळ्यात जड वाटतो, खोटं कशाला बोलू. उत्तर एवढंच सुचतं की नुसतं गुरगुरणं असतं तर ते ऐकून कुणाला एवढा राग आला नसता. बघणाऱ्यांना अर्थ बरोब्बर कळला, म्हणून तर ते दुखावले.

आणखी एक. त्या दिवशी तिथे असलेल्या एकाने जॉन्सन गेल्यावर जळके तुकडे गोळा केले आणि आपल्या परसात पुरले. ब्रेनन यांनी निकालात त्या माणसाचं उदाहरण दिलंय. झेंडा जाळणाऱ्याला उत्तर द्यायचं तर असं द्या, आपला झेंडा उंच धरा, असं त्यांचं म्हणणं. न्या. केनेडी यांनी वेगळं छोटं मत लिहिलं. त्यांनी सरळ म्हटलं की कधी कधी आम्हाला न आवडणारा निर्णय द्यावा लागतो, आणि जे झेंड्याला तुच्छ लेखतात त्यांनाही तोच झेंडा संरक्षण देतो.

---

बिनफीचा_वकील

सगळे अमेरिकेत रमलेत. आपला कायदा काय म्हणतो ते बघू.

राष्ट्रीय सन्मान अपमान प्रतिबंध अधिनियम, १९७१, कलम २. सार्वजनिक जागी किंवा लोकांना दिसेल अशा कुठल्याही ठिकाणी राष्ट्रध्वज किंवा भारताची राज्यघटना जाळणं, फाडणं, तुडवणं, विद्रूप करणं, किंवा शब्दांनी वा कृतीने त्यांचा अपमान करणं. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. ध्वज आणि घटना एकाच ओळीत आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दिल्लीत जंतरमंतरवर ऑगस्ट २०१८ मध्ये घटनेच्या प्रती जाळल्या तेव्हा याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

घटना तिथे आली कशी? याचं उत्तर मद्रासमध्ये आहे. १९५७ मध्ये द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांनी जाहीर केलं की जातीला अभय देणाऱ्या कलमांचा निषेध म्हणून घटना जाळू. मद्रास सरकारने घाईघाईने कायदा केला, तरी २६ नोव्हेंबरला हजारो लोकांनी ती जाळली आणि तुरुंगात गेले. १९६३ मध्ये हिंदीच्या वादात द्रमुकचे नेते अण्णादुराई यांनी घटनेचा राजभाषेचा भाग जाळायचं ठरवलं आणि तेही आत गेले. चारच वर्षांनी ते मुख्यमंत्री झाले. १९७१ चा केंद्रीय कायदा वाचताना ही पार्श्वभूमी डोळ्यासमोर ठेवा. दिल्लीला भीती वाटत होती ती झेंड्याच्या कापडाची नव्हे, देश फुटण्याची. १९६३ च्याच सोळाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९(२) मध्ये 'सार्वभौमत्व आणि एकात्मता' हे शब्द आले, तेही त्याच काळजीतून.

आता गंमत. १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधन घालता येतं त्याची पूर्ण यादी आहे. सार्वभौमत्व आणि एकात्मता, देशाची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. 'राष्ट्रीय सन्मान' त्या यादीत नाही! सरकारला तो यादीतल्या दुसऱ्या कुठल्या तरी कारणात बसवावा लागतो. एकात्मतेत बसतो असं म्हणता येईल. मला ते थोडं ओढूनताणून वाटतं.

कायद्यात एक चांगली गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. कलमाखालच्या पहिल्या स्पष्टीकरणात म्हटलंय की घटनेवर, ध्वजावर किंवा सरकारच्या धोरणावर टीका करणं, कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून नापसंती दाखवणं, हा गुन्हा नाही. म्हणजे 'हा झेंडा मला मान्य नाही, बदला' असं शनिवारवाड्यासमोर माइक लावून म्हणू शकता. काडी लावू शकत नाही.

---

रानजाई

वकीलसाहेब, शेवटचं वाक्य वाचून थांबले. बोलायचं तर बोला, काडी लावू नका, हे महाडमध्ये सांगून बघितलं असतं का कुणी?

२५ डिसेंबर १९२७. मनुस्मृती जाळली. ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण. त्या ग्रंथावर टीका तर आधी किती वर्षं चालली होती! फुल्यांनी काय कमी लिहिलं? पण जे हजार पानांच्या टीकेने झालं नाही ते त्या रात्रीने झालं. लोकांना तो ग्रंथ पवित्र वाटत होता, म्हणूनच तो जाळण्याला अर्थ होता. रद्दीचा कागद जाळून काय निषेध होणार? रेन्क्विस्ट यांना जे गुरगुरणं वाटतं ते ज्याचं कुणी ऐकतच नाही त्याचं बोलणं असतं.

त्याआधी १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, १९२१ मध्ये मुंबईत गांधीजींनी केली. रवींद्रनाथांनी गांधीजींना विरोध केला हेही खरं, अंगावर घालायला नाही अशा देशात कापड कसलं जाळता म्हणून. पण 'जाळणं म्हणजे बोलणं' हे आपल्याला अमेरिकेच्या न्यायालयाने शिकवायची गरज नाही.

---

निवृत्त_सुभेदार

ताई, महाडबद्दल आदर आहे. पण मनुस्मृती एका समाजावर अन्याय करणारा ग्रंथ होता. तिरंग्याने कुणावर अन्याय केला? तिरंगा सगळ्यांचा आहे.

---

रानजाई

काका, जाळणाऱ्याला त्या क्षणी तो सगळ्यांचा वाटत नाही, एवढंच त्याचं म्हणणं असतं. ते चूक असू शकतं. पण चूक की बरोबर हे पोलिसाने ठरवायचं का? महाडच्या वेळी तिथल्या सनातन्यांनाही मनुस्मृती 'सगळ्यांची' वाटत होती.

राज्यघटनेचं म्हणाल तर २ सप्टेंबर १९५३ ला राज्यसभेत बाबासाहेब स्वतः म्हणाले होते की ही घटना जाळणारा पहिला माणूस मी असेन. संसदेत बोलले म्हणून संरक्षण होतं. १९७१ नंतर एखाद्या कार्यकर्त्याने चौकात हेच केलं तर?

---

बिनफीचा_वकील

नुसतं म्हटलं तर पहिलं स्पष्टीकरण कामी येईल. केलं तर तीन वर्षांपर्यंत.

---

डॅलसकर

डॅलसचं नाव वाचून लॉगिन केलं. इथे कित्येक वर्षं राहतोय, त्या सिटी हॉलवरून कामाला जाताना कधी डोक्यातही आलं नव्हतं.

पण आपल्या तिरंग्याचाही एक धागा याच गावातून जातो. उद्योगपती नवीन जिंदाल इथे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट डॅलसमध्ये शिकले. इथे कुणीही उठतो आणि घरावर, गाडीवर, पेट्रोल पंपावर झेंडा लावतो. परत जाऊन त्यांनी रायगडच्या (आपलं नव्हे, छत्तीसगडमधलं) कारखान्यावर तिरंगा लावला तर अधिकाऱ्यांनी अडवलं. तेव्हा सामान्य नागरिकाला ठरावीक दिवस सोडून तिरंगा फडकवता येत नसे. ते न्यायालयात गेले आणि २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: सन्मानाने तिरंगा फडकवणं हा अनुच्छेद १९(१)(क) खालचा अधिकार आहे, कारण ती अभिव्यक्ती आहे. त्याआधीच २००२ ची ध्वजसंहिता येऊन बंधनं सैल झाली होती.

म्हणजे बघा, १९८४ मध्ये इथे एकाने झेंडा जाळला आणि न्यायालय म्हणालं ही अभिव्यक्ती आहे. काही वर्षांनी इथून शिकून गेलेल्याने झेंडा फडकवला आणि तिकडचं न्यायालय म्हणालं हीसुद्धा अभिव्यक्ती आहे. माझा भाबडा प्रश्न: फडकवणं जर बोलणं असेल, तर उतरवणं किंवा जाळणं हे बोलणं नाही, असं कसं म्हणणार?

---

बिनफीचा_वकील

भाबडा नाही, नेमका प्रश्न आहे. जिंदाल निकालाने त्याला आधीच कुंपण घातलंय. अधिकार आहे तो 'आदर आणि प्रतिष्ठा राखून' फडकवण्याचा, निरंकुश नाही, आणि १९७१ चा कायदा व संहिता पाळूनच. न्यायालयाने एका हाताने अभिव्यक्ती म्हटलं आणि दुसऱ्या हाताने तिची दिशा ठरवून दिली. तुम्ही बोलू शकता, पण हो म्हणायचं असेल तरच. तर्क म्हणून हे लंगडं आहे असं माझं मत. कायदा म्हणून आज हेच चालतं.

'नाही' म्हणण्यालाही आपल्याकडे जागा मिळालेली आहे, पण गप्प राहून. केरळातली तीन मुलं शाळेत राष्ट्रगीताला उभी राहिली, पण त्यांनी ते गायलं नाही, कारण त्यांच्या पंथात ते बसत नव्हतं. शाळेने काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं.

---

तिरपागडा

मग मर्यादा कुठे? अमेरिकेत ते क्रॉस जाळतात, कु क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेवाले. तेही 'बोलणं'च का?

---

डॅलसकर

@तिरपागडा, यावर इथल्या न्यायालयाला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. १९९२ मध्ये सेंट पॉल शहराचा एक नियम उडवला. काही पोरांनी कृष्णवर्णीय कुटुंबाच्या अंगणात क्रॉस जाळला होता, पण त्या नियमात ठरावीक विषयांवरच्या द्वेषालाच बंदी होती, म्हणून तो टिकला नाही. २००३ मध्ये व्हर्जिनियाच्या खटल्यात म्हणाले की समोरच्याला धमकावण्याच्या हेतूने क्रॉस जाळणं हा गुन्हा करता येतो. पण नुसता क्रॉस जाळला म्हणून धमकीच होती असं गृहीत धरता येणार नाही, हेतू सिद्ध करा.

फरक सोपा आहे. जॉन्सनने झेंडा जाळला तेव्हा त्या रात्री डॅलसमध्ये कुणाला दाराला कडी लावून झोपावं लागलं नाही. अंगणात क्रॉस जळताना बघणाऱ्या कुटुंबाला लावावी लागते. राग येणं आणि जिवाची भीती वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

कडूकारले

डेन्मार्कमध्ये स्वतःच्या देशाचा झेंडा जाळलेला चालतो, परक्या देशाचा जाळला तर गुन्हा. कारण काय, तर शेजारी रागावतील! आपल्याकडे नेमकं उलटं. २०२० मध्ये गलवाननंतर चौकाचौकांत चीनचे झेंडे पेटले तेव्हा 'परराष्ट्रांशी मैत्री' कुणालाच आठवली नाही.

---

फडताळ

सुभेदार काकांनी दिलेल्या त्या जवानाच्या आईच्या उदाहरणावर मी दोन दिवस विचार करतोय. तिचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. पण या कायद्याखाली प्रत्यक्षात कोण सापडतं ते बघा. मुंबईत २०१२ मध्ये असीम त्रिवेदी हा व्यंगचित्रकार पकडला गेला. त्याने झेंडा जाळला नव्हता, राजमुद्रेत सिंहांच्या जागी लांडगे काढले होते. त्याच्यावर राजद्रोहाबरोबर हा १९७१ चा कायदाही लावला. राजद्रोह पुढे सरकारनेच मागे घेतला.

दुसरं कोइमतूरचं. २०१३ च्या नाताळात तिरंगी केक कापला म्हणून तक्रार झाली. केक! मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ते प्रकरण रद्द केलं, अपमानाचा हेतू असावा लागतो म्हणून. निर्णय उत्तम. पण केक खाल्ल्यापासून सुटेपर्यंत सात वर्षं गेली. आईच्या नावाने केलेला कायदा केकवाल्याला धरतो, हे मला खुपतं.

---

निवृत्त_सुभेदार

केकचं पटलं. रुमाल, केक, साडीचा काठ यांच्या तक्रारी करणारे लोक पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी गटारात पडलेले प्लास्टिकचे तिरंगे उचलताना मला कधी दिसले नाहीत. २०२१ पासून पॉलिएस्टरला परवानगी दिली तेव्हापासून तर विचारू नका. आमच्या सोसायटीतले मी स्वतः गोळा करतो. आणि संहितेत लिहिलंय शक्यतो जाळून नष्ट करा, एकांतात. पॉलिएस्टर नीट जळत नाही, वितळून चिकटतं.

पण जाणूनबुजून, शिव्या देत, चौकात जाळणाऱ्याला शिक्षा हवीच. तीन वर्षं जास्त असतील, दंड करा. शिक्षाच नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी शंभर झेंडे जळतील.

---

फडताळ

काका, हे एका ठिकाणी करून बघितलेलं आहे. अमेरिकेचा तो नवा कायदा २८ ऑक्टोबर १९८९ ला लागू झाला, आणि लागू होताच त्याच मध्यरात्री सिएटलमध्ये झेंडे पेटले. दोन दिवसांनी थेट कॅपिटॉलच्या, म्हणजे त्यांच्या संसदभवनाच्या पायऱ्यांवर. कायदा आला म्हणूनच पेटले.

---

निवृत्त_सुभेदार

तिकडचे लोक तसे आहेत. इकडे चौकात कुणी तिरंग्याला काडी लावली तर पोलीस यायच्या आधी लोकच त्याचा निकाल लावतील. कायदा आहे म्हणून तो जिवंत ठाण्यात तरी पोचतो. तुम्ही कायदा काढा म्हणताय, मग त्या माणसाला वाचवणार कोण?

---

बिनफीचा_वकील

सुभेदारसाहेब, हा मुद्दा अमेरिकेच्या निकालात कुणाला सुचला नव्हता. टेक्सासने 'शांतता भंग होईल' असं म्हणून बघितलं, न्यायालय म्हणालं त्या दिवशी भंग झाला का? नाही. मग होईल तेव्हा बघा, त्याला वेगळा कायदा आहे. पण तिथे बघ्यांनी हात उचलला नव्हता. आपल्याकडे उचलला जाईल, हे तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही. फक्त मग गुन्हा हात उचलणाऱ्यावर नोंदवायला हवा. जमावाच्या धाकाने जाळणाऱ्याला आत टाकायचं म्हणजे कायदा जमावाच्या हातात देण्यासारखंच आहे.

---

निवृत्त_सुभेदार

ठाण्यात कधी बसलाय का रात्रीचे, वकीलसाहेब? दोन हवालदार, बाहेर चारशे माणसं. कुणावर गुन्हा नोंदवणार ते तुम्हीच सांगा.

---

तिरपागडा

अवांतर: आम्ही एच-१बी वाले, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर आलेले. तात्यांच्या आदेशाचा आम्हाला काही ताप?

---

डॅलसकर

@तिरपागडा, त्यात परदेशी नागरिकांचा वेगळा परिच्छेद आहे. व्हिसा रद्द करणं, देशाबाहेर काढणं, सगळं त्यात येतं. जॉन्सन निकाल नागरिकासाठी जितका भक्कम आहे तितका व्हिसावाल्यासाठी टिकेल यावर मी तरी पैज लावणार नाही. मोर्च्यात जायचं तर जा, काडीपेटीवाल्यापासून लांब उभे राहा, आणि सेल्फी काढू नका.